गूगलवर वर यायला लिंका किती लागतात, आणि मुळात कशाला लागतात

जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा, कुठंही जा, ज्या दुकानदाराने वेबसाइट करून घेतलीय त्याचा प्रश्न एकच असतो, "भाऊ, साइटले एवढा पैसा लागना, तरी गूगलमा काबर दिसत नई?" आणि नेमका त्याच आठवड्यात त्याला कुठूनतरी फोन येतो, सर दर महिन्याला पाचशे बॅकलिंक देतो, तीन महिन्यात पहिल्या पानावर आणतो, पॅकेज एवढ्याचं. बॅकलिंक म्हंजे काय विचारलं की तिकडून उत्तर, ते टेक्निकल असतं सर, तुम्ही टेन्शन घेऊ नका. बॅकलिंक म्हंजे दुसऱ्या कोणाच्या साइटवरून आपल्या साइटकडे येणारी लिंक, एवढंच. टेक्निकल आहे हे खरं, पण चहा पिता पिता समजणार नाही एवढं काही नाही, आणि पैसे आपले जाणार असतील तर टेन्शन थोडं घ्यायलाच पाहिजे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या भागातल्या, त्यातून मराठीतल्या बहुतेक साइटी मागे राहतात त्या लिंका कमी पडतात म्हणून नाही, तर लोक जे शोधतात ते त्या साइटवर कुठं लिहिलेलंच नसतं म्हणून. लिंकांचा नंबर त्याच्यानंतर लागतो. आणि विषयाशी संबंध नसलेल्या लिंका तर पाचशे काय पाच हजार घ्या, काही होत नाही.

आता नीट पहिल्यापासून.

आपण गूगलच्या खोक्यात काहीतरी टाइप करतो तेव्हा गूगल त्या क्षणी इंटरनेटवर शोधायला निघत नाही, तेवढा वेळच नसतो. त्याचे बॉट, म्हणजे आपोआप पेजं वाचत फिरणारे प्रोग्राम, आधीच फिरून आलेले असतात, एका पेजवरून लिंक पकडून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, आणि जे वाचलं त्याची एक प्रचंड सूची बनवून ठेवलेली असते, कुठला शब्द कोणकोणत्या पेजवर आहे याची. म्हणजे लिंकेचं पहिलं काम रँकिंग नाहीच, पेज सापडणं हे आहे. ज्या पेजला कुठूनच लिंक नाही, स्वतःच्या साइटच्या मेनूतूनसुद्धा नाही, ते बॉटला सहसा सापडतच नाही (साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पेजांची यादी, गूगलला दिला असेल तर सापडतं, पण सापडून एकटंच पडून राहतं). मग आपण सर्च केला की त्या सूचीतून आधी या विषयाची पेजं वेगळी काढली जातात आणि त्या निवडलेल्या पेजांचा क्रम लावला जातो. हा क्रम लावताना शेकडो गोष्टी बघतात, पण मूळ प्रश्न दोनच, हे पेज विचारलेल्या गोष्टीबद्दल आहे का, आणि असेल तर याच्यावर भरवसा ठेवावा का. पहिल्याला रेलेव्हन्स म्हणतात. दुसऱ्याचं उत्तर काढायला लिंका कामाला येतात.

रेलेव्हन्स कसा मोजतात ते बघा. समजा कोणी टाइप केलं, "कळण्याची भाकरी कुठे मिळते जळगाव". यात "कुठे" आणि "मिळते" हे शब्द लाखो मराठी पेजांवर आहेत, त्यावरून काहीच कळत नाही. "जळगाव" थोडं कमी पेजांवर. आणि "कळण्याची" हा शब्द अगदी मोजक्या पेजांवर, म्हणून सगळ्यात जास्त वजन त्याला. जो शब्द दुर्मीळ तो जास्त बोलका, ही कल्पना कॅरेन स्पार्क जोन्स या ब्रिटिश बाईंनी 1972 साली मांडली, इंटरनेटचा पत्ता नव्हता तेव्हा, आणि आजचे सर्च इंजिन कितीही पुढं गेले तरी हा पाया तसाच आहे. त्यावर नंतर अजून सुधारणा झाली, शब्द पेजवर एकदा असणं आणि पाचदा असणं यात फरक धरायचा, पण पाचदा आणि पन्नासदा यात जवळपास नाही, आणि पेज लांबलचक असेल तर तेही हिशोबात घ्यायचं.

म्हणून ते जे अजूनही काही लोक करतात ना, पेजच्या खाली पंचवीस वेळा "जळगाव बेस्ट भरीत, भरीत जळगाव, बेस्ट भरीत सेंटर जळगाव", त्याने काही मिळत नाही, उलट स्पॅममध्ये धरलं जायची शक्यता. नव्वदच्या दशकात हे चालायचं. तेव्हा अल्टाव्हिस्टा वगैरे सर्च इंजिन होते, ते मुख्यतः पेजवरचे शब्दच बघायचे, मग लोक पांढऱ्या पेजवर पांढऱ्या अक्षरात शब्द भरून ठेवायचे. मेटा कीवर्ड नावाचा एक डबा असायचा कोडमध्ये, त्यातही लोक वाट्टेल ते कोंबायचे. गूगलने 2009 मध्ये जाहीर सांगितलं की वेब सर्चच्या रँकिंगसाठी आम्ही तो बघत नाही, तरी आजही कोटेशनमध्ये "मेटा कीवर्ड टाकून देऊ" असं लिहिलेलं असतं, त्याचे वेगळे पैसे लावलेले असतात.

पुढं गोष्ट शब्दांवरून अर्थावर आली. 2015 मध्ये गूगलने रँकब्रेन नावाची मशीन लर्निंगची सिस्टिम वापरत असल्याचं सांगितलं, कधीच न विचारलेल्या प्रश्नांचा अर्थ लावायला (गूगल म्हणतं की रोजच्या सर्चपैकी 15 टक्के असे असतात जे आधी कोणी केलेलेच नसतात). मग ऑक्टोबर 2019 मध्ये बर्ट आलं, जे वाक्यातल्या शब्दांचं एकमेकांशी नातं बघतं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते 70 पेक्षा जास्त भाषांत लागू झालं, त्यात मराठीही. म्हणजे "केळीवर करपा आला काय फवारू" आणि "केळी सिगाटोका उपाय" हे दोन्ही एकाच दुखण्याबद्दल आहेत हे आता मशीनला बऱ्यापैकी कळतं. पण एक लक्षात घ्या, अर्थ कळायला पेजवर काहीतरी अर्थ असावा लागतो.

आणि इथंच आपली गाडी अडते. रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातल्या केळीच्या टिश्यू कल्चर रोपांच्या नर्सरीची कुठलीही साइट उघडा, पहिल्या पेजवर काय असतं? गुणवत्ता, विश्वास, परंपरा, शेतकऱ्यांच्या सेवेत तत्पर. मालकाचा फोटो, उद्घाटनाचा फोटो. आता शेतकरी काय टाइप करतो? जी नाईन रोप किंमत. मृगबाग लागवड कधी करावी. कांदेबागेला थंडीत काय काळजी. सीएमव्ही आलेलं झाड उपटायचं का ठेवायचं. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्या साइटवर नाही, आणि मजा अशी की नर्सरीचा माणूस हीच उत्तरं दिवसभर फोनवर देत असतो, तोंडपाठ. ती फोनवरची उत्तरं एकेक करून साइटवर टाकली तरी अर्धं काम झालं, आणि त्याला कुठल्या एजन्सीची गरज नाही.

दुसरी अडचण जास्त वैताग आणते. बरेच लोक पॅम्प्लेटचा फोटोच साइटवर चढवतात, सगळा मजकूर चित्रात. गूगलला चित्रातली अक्षरं थोडीफार वाचता येतात पण त्याच्या भरवशावर दुकान चालवू नये. त्याच्यापेक्षा वाईट म्हणजे जुन्या फॉन्टमधला मजकूर. छापखान्यात श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल तशीच साइटवर टाकली की आपल्याला स्क्रीनवर मराठी दिसत असेल पण आत इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा असतो, आणि सर्च इंजिनला तो कचराच दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटर-मोबाइलवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नसलेलं मराठी गूगलच्या दृष्टीने मराठीच नाही. कित्येक जुन्या दिवाळी अंकांचं, संस्थांच्या अहवालांचं असंच झालंय, नेटवर आहेत पण सापडत नाहीत.

स्पेलिंगचाही घोळ असतो. खान्देश, खानदेश. भरीत, भरित. शेवभाजी एकत्र, शेव भाजी तोडून. शिवाय अर्धे लोक मराठी प्रश्न रोमन अक्षरातच ठोकतात. गूगल हे बरंच सांभाळून घेतं, त्यामुळे प्रत्येक स्पेलिंगचं वेगळं पेज बनवायचा उद्योग करू नका, पण लिखाणात सहज दोन्ही रूपं आली तर बिघडत नाही. अहिराणीचं मात्र वेगळंच आहे, नेटवर अहिराणीत मजकूर इतका कमी आहे की कोणी कानबाईच्या गाण्यांवर किंवा आखाजीवर नीट चार पानं अहिराणीत लिहिली तर त्या विषयाला स्पर्धा जवळजवळ नाहीच, लिंका असोत नसोत.

अजून एक, ताजेपणा. "आजचे केळी भाव रावेर" असा सर्च असेल तर चार वर्षांपूर्वीचं पेज, त्याला कितीही लिंका असोत, आज कामाचं नाही आणि गूगललाही ते कळतं. पण "भरताची वांगी कशी ओळखावी" याला ताजेपणा कशाला पाहिजे, ते पेज दहा वर्षं चालेल. प्रत्येक प्रश्नाला सारखंच माप लागत नाही एवढंच.

बरं, आता लिंका.

समजा एकाच प्रश्नाचं बरं उत्तर देणारी दोनशे पेजं आहेत. सगळ्यांवर योग्य शब्द, सगळ्यांची माहिती ठीकठाक. वर कोणाला ठेवायचं? पेज स्वतःबद्दल जे बोलतं त्याच्यावर भरवसा नाही, कारण सगळेच म्हणतात आम्ही नंबर एक. हा प्रश्न अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन पीएचडी करणाऱ्या पोरांनी घेतला, 1996 मध्ये त्यांच्या प्रोजेक्टचं नाव होतं बॅकरब, कारण तो बॅकलिंका तपासायचा. कल्पना संशोधनाच्या जगातून आली होती, तिथं एखाद्या पेपरचा संदर्भ किती जणांनी आणि कोणी दिला यावर त्याचं वजन ठरतं. 1998 मध्ये त्यांनी जो पेपर लिहिला त्यात 2 कोटी 40 लाख पेजांची सूची होती, आणि त्याच वर्षी गूगल कंपनी झाली. लिंका मोजायच्या त्यांच्या पद्धतीचं नाव पेजरँक.

पेजरँक समजायला आपल्याकडे सोयरिकीची चौकशी कशी करतात ते आठवा. पोरगा स्वतःबद्दल काय सांगतो ते कोणी धरत नाही, गावातले लोक काय म्हणतात ते विचारतात. त्यातही ज्याला समाजात मान आहे अशा एका आबांचा शब्द रिकामटेकड्या दहा जणांपेक्षा भारी. पण आबा जर भेटेल त्याला प्रत्येक पोरगा हिरा आहे म्हणून सांगत सुटले तर त्यांचा शब्द पातळ होतो. पोराच्या सख्ख्या मामाने केलेली तारीफ ऐकून घेतात, मनात धरत नाहीत. आणि मध्यस्थाने पैसे खाल्लेत असं कळलं तर त्याचं ऐकणं सोडाच, स्थळाबद्दलच शंका येते. लिंकेचं अगदी असंच. लिंक म्हणजे एका पेजने दुसऱ्याबद्दल टाकलेला शब्द, टाकणाऱ्याचं स्वतःचं वजन जेवढं तेवढं त्या शब्दाचं, आणि तो जेवढ्यांना लिंक देतो तेवढ्यांत ते वजन वाटलं जातं.

आता हे आकड्यात करून बघू, फार नाही, तीनच साइटी घेऊ. अ म्हणजे जिल्ह्यातल्या शेतीबातम्यांची साइट, ब म्हणजे एका केळी उत्पादक गटाची, क म्हणजे ठिबकच्या दुकानाची. अ ने ब ला आणि क ला लिंक दिलीय. ब ने फक्त क ला. क ने फक्त अ ला. सुरुवातीला तिघांना 1 मार्क द्यायचा. मग प्रत्येक फेरीत प्रत्येकाने आपल्या मार्कांचे 85 टक्के पुढं वाटायचे, जेवढ्या लिंका दिल्यात तेवढे समान हिस्से करून, आणि प्रत्येकाला 0.15 फुकट मिळणार. अशा फेऱ्या करत राहायच्या, आकडे हलायचे थांबेपर्यंत. शेवटी क ला साधारण 1.19, अ ला 1.16, आणि ब ला फक्त 0.64.

इथं थांबून जरा बघा. अ ला बाहेरून एकच लिंक आहे. ब ला पण एकच. तरी अ चे मार्क ब च्या पावणेदोन पटीपेक्षा जास्त. का? कारण अ ला लिंक देणारा क स्वतः वजनदार आहे आणि तो दुसऱ्या कोणालाच देत नाही, सगळं वजन एकाच ठिकाणी, तर ब ला लिंक देणारा अ आपलं वजन दोघांत वाटतो. म्हणजे लिंकांची संख्या सारखी आणि निकाल वेगळा. पाचशे बॅकलिंकांच्या पॅकेजमध्ये हीच गोष्ट सांगत नाहीत, त्या पाचशे साइटींचं स्वतःचं वजन शून्याला टेकलेलं असतं, आणि त्या प्रत्येक पेजवरून अजून हजार जणांना लिंका गेलेल्या असतात.

ते 85 टक्के कुठून आले? पेज आणि ब्रिन यांच्या त्या पेपरात एक काल्पनिक माणूस धरलाय, जो नुसता लिंकांवर क्लिक करत फिरतो, आणि मधेच कंटाळून कुठल्यातरी भलत्याच पेजवर उडी मारतो. क्लिक करत राहायची शक्यता 0.85, कंटाळायची 0.15. तो माणूस ज्या पेजवर जास्त वेळा सापडेल ते पेज मोठं. नंतर गूगलने याच्यात सुधारणा सुचवणारं एक पेटंट घेतलं, 2010 मध्ये मंजूर झालं, त्यात असं की पेजवरच्या सगळ्या लिंका सारख्या धरायच्या नाहीत, ज्या लिंकेवर माणूस खरंच क्लिक करेल तिला जास्त वजन. लेखाच्या मधोमध असलेली लिंक आणि पार तळाशी बारीक अक्षरातली लिंक, फरक आहे.

लिंक आणि रेलेव्हन्स यांची गाठ पडते ती अँकर टेक्स्टमध्ये, म्हणजे ज्या शब्दांवर लिंक लावलेली असते ते शब्द. कोणी लिहिलं "केळी वेफर्स सावदा" आणि त्यावर तुमची लिंक, तर गूगलला कळतं हे पेज कशाबद्दल आहे. "इथे क्लिक करा" वर लिंक, तर काहीच कळत नाही. हे इतकं ताकदवान होतं की 2003 मध्ये लोकांनी मिळून "दारुण अपयश" अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर जॉर्ज बुश यांच्या व्हाइट हाउसच्या साइटवरच्या परिचयाची लिंक लावली, आणि तो शब्द सर्च केला की पहिला नंबर राष्ट्राध्यक्षांचा. त्या पेजवर तो शब्द कुठंच नव्हता. गूगलला हे आवरायला 2007 उजाडलं. आता अशी गंमत जमत नाही, पण अँकर टेक्स्ट अजूनही वाचतात, फक्त शंभर लिंकांवर शंभर वेळा तेच घासलेले शब्द दिसले तर उलटा संशय येतो, कारण खरे लोक कधीच एकसारखं लिहीत नाहीत.

लिंक कुठल्या विषयाच्या पेजवरून आलीय हेही महत्त्वाचं. नंदुरबारच्या मिरचीच्या व्यापाऱ्याला मसाल्याच्या रेसिपी लिहिणाऱ्या बाईंनी लेखात दिलेली एक लिंक आणि कुठल्यातरी परदेशी जुगाराच्या साइटवरच्या तीनशे लिंका, यात तुलनाच होत नाही.

बाजार मांडला गेला तो यामुळेच. लिंकेने रँक वाढते म्हटल्यावर लिंका विकायला लागले लोक. अमेरिकेतली जेसी पेनी ही मोठी दुकानांची कंपनी 2010 च्या सणासुदीच्या सीझनमध्ये कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत सगळ्यात वर दिसत होती, फेब्रुवारी 2011 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की भलत्याच विषयांच्या शेकडो साइटींवर त्यांच्या हजारो लिंका पेरलेल्या आहेत, आणि गूगलने त्यांना खाली ढकललं. कंपनीने म्हटलं आम्हाला माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी एप्रिल 2012 मध्ये पेंग्विन नावाचा अपडेट आला, असल्या लिंकांवर उठलेल्या साइटी धडाधड खाली. सप्टेंबर 2016 पासून पेंग्विन सतत चालू असतो आणि आता धोरण जास्त करून असं की खोटी लिंक दिसली की तिला मोजायचंच नाही, साइटला शिक्षा करायची भानगड कमी (मोठा उद्योग केला असेल तर माणसाकडून थेट कारवाईही होते, ती वेगळी). म्हणजे विकत घेतलेल्या पाचशे लिंकांचं आज सगळ्यात जास्त करून काय होतं, तर काहीच नाही. पैसे गेले, बस. डिसेंबर 2022 च्या अपडेटपासून तर लिंक विकणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या दोन्ही साइटी ओळखायला स्पॅमब्रेन नावाची एआय सिस्टिम लावलीय.

पैसे देऊन जाहिरात करणं गुन्हा नाही हां. पेपरच्या साइटवर जाहिरात द्या, कार्यक्रमाला स्पॉन्सर व्हा, पण त्या लिंकेला कोडमध्ये तसं लिहायचं असतं. 2005 मध्ये त्यासाठी नोफॉलो नावाची खूण आली, म्हणजे या लिंकेचं वजन धरू नका असं सर्च इंजिनला सांगणारी, मुख्यतः कमेंटमधला स्पॅम रोखायला, आणि 2019 मध्ये त्यात स्पॉन्सर्ड आणि यूजीसी अशा दोन अजून आल्या, म्हणजे पैशाची लिंक आणि लोकांनी टाकलेली लिंक. विकिपीडियाच्या बाहेर जाणाऱ्या लिंका नोफॉलो असतात, म्हणून आपल्या गावाच्या विकिपीडिया पानावर दुकानाची लिंक घुसवायची धडपड करू नका, ती तिथले संपादक काढतातही आणि मिळत काही नाही.

हाच घोळ व्हॉट्सॲपचा. "सगळ्या ग्रुपवर लिंक टाकली, तीन हजार लोकांना गेली," असं अभिमानाने सांगतात. लोक आले तर चांगलंच, धंदा होईल, पण व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधलं गूगलच्या बॉटला दिसत नाही, आणि फेसबुक, इंस्टाग्रामवरच्या लिंका बहुतेक नोफॉलो. त्याने थेट रँक हलत नाही. आडून फायदा होऊ शकतो, त्या तीन हजारांतल्या एखाद्याची स्वतःची साइट असली आणि त्याने तिथं लिहिलं तर.

आणि ते डीए, डोमेन अथॉरिटी. एजन्सीवाला रिपोर्ट दाखवतो, सर तुमचा डीए 8 होता, 21 केला. हा आकडा म्हणजे साइट सर्चमध्ये किती वर येऊ शकेल याचा मॉझ नावाच्या बाहेरच्या कंपनीचा अंदाज आहे, गूगलचा नाही, गूगल तो वापरत नाही. गूगलचा स्वतःचा पेजरँकचा आकडा पूर्वी ब्राउझरमधल्या गूगल टूलबारमध्ये दिसायचा, तोही 2016 मध्ये बंद केला, लोक तो आकडा बघून लिंकांचे भाव ठरवायला लागले होते.

मग लिंकांचं महत्त्व आज उरलंय किती? 2016 मध्ये गूगलच्याच माणसाने सांगितलं होतं की मजकूर आणि लिंका या सगळ्यात वरच्या गोष्टी आहेत. 2023 मध्ये गूगलच्या गॅरी इलियस यांनी सांगितलं की लिंका आता पहिल्या तीनातही नाहीत, आणि 2024 मध्ये गूगलने आपल्या नियमावलीतल्या लिंकांबद्दलच्या वाक्यातून "महत्त्वाचा" हा शब्दच काढून टाकला. अमेरिकेच्या सरकारने गूगलवर जो मक्तेदारीचा खटला चालवला त्यात 2023 मध्ये गूगलचे पांडू नायक यांनी साक्ष दिली की नॅवबूस्ट नावाची सिस्टिम 13 महिन्यांचे क्लिक बघते, म्हणजे लोक कशावर क्लिक करतात, तिथं टिकतात का परत येतात. माझं म्हणणं, लिंका संपलेल्या नाहीत, विम्याची पॉलिसी, मोबाइल, लोन असल्या विषयांत जिथं हजारो तगडी पेजं भांडतायत तिथं त्या लागतातच. पण "धरणगावात ठिबक दुरुस्ती" या प्रश्नाला उत्तर देणारी पेजं मुळात असतील किती? तिथं एक नीट लिहिलेलं पेज आणि दोन-चार खऱ्या लिंका पुष्कळ झाल्या.

त्यातून अशा सर्चला वर जो नकाशा आणि तीन दुकानं दिसतात त्याचा हिशोब वेगळा असतो. गूगल स्वतः तीन गोष्टी सांगतं, विषयाशी संबंध, अंतर, आणि नावलौकिक. अंतर आपल्या हातात नाही. संबंध म्हणजे गूगलवर दुकानाची माहिती भरायची जी बिझनेस प्रोफाइल असते तिच्यात कॅटेगरी बरोबर निवडा, भरीत सेंटर असेल तर उगाच "कॉर्पोरेट केटरिंग" नको. नावलौकिकात रिव्ह्यू येतात आणि परत लिंकाही येतात. हे प्रोफाइल फुकट आहे आणि निम्म्या दुकानांचं अर्धवट भरलेलं असतं, वेळ चुकीची, फोन जुना.

खऱ्या लिंका आपल्याकडे मिळतात कुठं, तर जिथं आपण आधीच ओळखीचे आहोत तिथं. ज्या कंपनीचे डीलर आहात तिच्या साइटवरची डीलरांची यादी. ज्या कॉलेजात विद्यार्थ्यांना शिवार दाखवायला बोलावलंत त्या कॉलेजची साइट. व्यापारी संघटना, शेतकरी उत्पादक कंपनी, स्थानिक बातम्यांच्या साइटी. आणि सगळ्यात चांगली लिंक न मागता मिळते, पण त्यासाठी तुमच्या साइटवर असं काहीतरी पाहिजे जे दुसरीकडे नाही. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या वांग्याची शेतातून चुलीपर्यंतची सगळी माहिती, कुठल्या काड्यांवर भाजतात, बडगीत (लाकडाच्या खोलगट भांड्यात) कसं ठेचतात, कुठल्या महिन्यात चव उतरते, हे एका ठिकाणी फोटोसकट कोणी लिहिलं तर पुण्या-मुंबईचे खाण्यावर लिहिणारे त्यालाच लिंक देणार, दुसरं द्यायला असतं काय त्यांच्याकडे?

स्वतःच्या साइटमधल्या लिंका तर पूर्ण आपल्या हातात, आणि तिथंच लोक आळस करतात. भरताच्या लेखातून कळण्याच्या भाकरीच्या लेखाला लिंक द्या, तिथून मेनूला, मेनूतून पत्त्याला, आणि लिंक लावताना शब्द अर्थाचे वापरा. बाहेरून आलेलं वजन असंच आतल्या पेजांपर्यंत झिरपतं.

आपली परिस्थिती बघायची असेल तर गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे, साइट आपली आहे हे सिद्ध केलं की लोक कुठले शब्द टाइप करून आपल्यापर्यंत आले आणि कोणी लिंक दिलीय, दोन्ही दिसतं. आधी शब्दांची यादी बघा. तिथं दिसेल की लोक "जी नाईन रोप" शोधत आले आणि आपल्या पेजवर तो शब्द कुठल्यातरी फोटोत आहे, मग तेच पहिलं काम. लिंकांच्या यादीत अनोळखी फालतू साइटी दिसल्या तर घाबरू नका, बहुतेक सगळ्यांच्या यादीत असतात. त्या नाकारायला 2012 पासून डिसअव्हाव नावाचं टूल आहे पण थेट कारवाईची नोटीस आली नसेल तर त्याला हात न लावलेला बरा. आणि बदल केला की दुसऱ्या दिवशी सर्च करून निराश होऊ नका, गूगल सांगतं की काही बदल काही तासांत दिसतात, काहींना महिने लागतात, साधारण काही आठवडे थांबून मग बघायचं. तेही दुसऱ्याच्या मोबाइलवर किंवा ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (खाजगी) खिडकीत बघा, आपल्या फोनवर आपलीच साइट आपण रोज उघडतो, तिथं ती वर दिसली तर त्यात काही विशेष नाही.